सहाशे बारा भेटी

दुपारी तीन वाजता बैठक होती आणि त्या बैठकीत एका हवालदाराची नोकरी जाणार होती. ऑडिटबाईंना हे कुणी सांगायची गरज नव्हती, कारण ती घालवणारा परिच्छेद त्यांनीच लिहिला होता. ऑडिट अहवालातला परिच्छेद क्रमांक सात. स्वच्छ टाइप केलेला, चार पुरावे जोडलेला, कुठे बोट ठेवायला जागा नाही असा. तीनला तो ठाण्याच्या मोठ्या साहेबांसमोर वाचला जाईल, चारपर्यंत निलंबनाचा कागद निघेल, आणि ज्या टेबलावर हवालदाराने उभी हयात लोकांच्या तक्रारी लिहून घेतल्या, त्याच टेबलावर त्याच्यावर गुन्हा नोंदवला जाईल. निवृत्तीला त्याचे चौदा महिने उरले होते.

बाईंना वाईट वाटत होतं का? खरं सांगायचं तर नाही. एकवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी गरीब चेहऱ्याची इतकी माणसं पाहिली होती की गरीब चेहरा दिसला की त्या आधी बेरीज तपासत. घरी यावरून त्यांची चेष्टा व्हायची. नवरा म्हणायचा, हिच्या हातून चूक होत नाही, झालीच तर ती समोरच्याची असते. बाईंना हे मनातून आवडायचं, आणि इथेच खरी गोम होती.

प्रकरण तसं सरळ होतं. पोलिसांनी ठाण्यात बसून न राहता लोकांत मिसळावं म्हणून सरकारने गेल्या वर्षी अनुदान दिलं. एका हवालदाराने वस्तीत रोज पायी फिरायचं, दारं वाजवायची, लोकांची विचारपूस करायची. शिवाय घरोघरी एक सुरक्षा संच वाटायचा, म्हणजे एक टॉर्च, एक शिट्टी आणि मदतीच्या फोन नंबरांचं कार्ड. वर्ष संपलं. ठाण्याने हिशेब पाठवला की सहाशे बारा संच घेतले आणि सहाशे बारा वाटले. पुरावा म्हणून हवालदाराची फेरीवही जोडली. तिच्यात सहाशे बारा ओळी, प्रत्येक ओळीत तेच दोन शब्द, ‘भेट दिली’, आणि खाली सही.

ठाण्याच्या हेडक्लार्कने त्या वहीवरून टाइप केलेली एक सुबक यादीही दिली होती. वहीतलं अक्षर म्हणजे मुंग्या शाईत बुडवून कागदावर सोडलेल्या, त्यामुळे बाईंनी वहीच्या फक्त सह्या मोजल्या आणि काम यादीवरून केलं. दर विसावं घर निवडलं. तीन दिवस उन्हातान्हात तीस घरं पालथी घातली. प्रत्येक दारात एकच प्रश्न विचारला, पोलिसांकडून काही भेट मिळाली का? तीसच्या तीस घरांनी नाही म्हणून सांगितलं. एक म्हातारी तर हसलीच. म्हणाली, पोलीस आमच्याकडून घेतात, देतात कुठे. मग पुढे तिने हवालदाराबद्दल बरंच काही सांगितलं, तो येतो, ओट्यावर टेकतो, नातवाच्या तापाची चौकशी करतो. पण बाईंच्या तक्त्यात तापाचा रकाना नव्हता. त्यांनी ‘भेट मिळाली नाही’ एवढंच लिहिलं आणि पुढच्या दाराकडे वळल्या.

त्यानंतर त्यांनी हवालदाराचा जबाब घेतला. स्वतःच्या हाताने लिहिला.

“वस्तीतल्या घरांना तुम्ही भेट दिली?”

“दिली, बाई.”

“सगळ्या मिळून सहाशे बारा?”

“वहीत असतील तेवढ्या.”

“स्वतः दिली? दुसऱ्या कुणाच्या हातून नाही?”

“स्वतः. पायी.”

‘पायी’ कशाला म्हणतोय, असं बाईंना पुसटसं वाटून गेलं होतं. पण माणूस घाबरला की काहीबाही बोलतो. खाली त्याने सही केली आणि फास आवळला गेला. देणारा म्हणतो दिली, घेणारे म्हणतात मिळाली नाही, म्हणजे माल मध्येच गडप झाला. गणित चुकायला जागाच नव्हती.

एक धागा तेवढा उलगडायचा राहिला होता, आणि बाईंना तो फार आवडला होता. यादीत ‘सा. शौ.’ नावाचा कुणी लाभार्थी होता. बाकीच्यांना वर्षाकाठी एकदा, फार तर दोनदा भेट, आणि या सा. शौ. यांना बावन्न वेळा. दर शनिवारी, न चुकता. बाईंनी पेन्सिलीने समासात लिहिलं, ‘नातेवाईक?’ आणि काल संध्याकाळी हवालदाराला एक छापील खुलासापत्र धाडलं. प्रत्येक भेटीत नेमकी कोणती वस्तू दिली ते लिहावं, आणि सा. शौ. यांच्याशी आपलं नातं काय ते स्पष्ट करावं. मुदत आज दुपारी बारापर्यंत.

बाराला दहा कमी असताना दारावर टकटक झाली.

ऑडिटच्या लोकांना ठाण्याने जप्तीच्या सामानाची जुनी खोली दिली होती. तिला एकच खिडकी, तीही अंगणात गंजत पडलेल्या गाड्यांकडे उघडणारी. भिंतीवर अजून लोखंडी फळ्या होत्या आणि फळ्यांवर चिकटवलेले गुन्ह्यांचे नंबर. टेबलाच्या एका पायाखाली कागदाची घडी. बाईंनी ‘या’ म्हटलं तेव्हा आधी हवालदाराची बायको आत आली आणि तिच्या मागून हवालदार. ती बुटकी, खमकी, हातात कापडी पिशवी. तो उंच, वाकलेला, टोपी काखेत. खुलासापत्र बायकोकडे होतं. यांचं अक्षर कुणाला लागत नाही, म्हणून मी लिहायला आले, असं तिने सांगून टाकलं.

पत्र टेबलावर आलं. कोरं होतं.

“मुदत संपायला दहा मिनिटं आहेत,” बाई म्हणाल्या.

हवालदाराने बायकोकडे पाहिलं, मग पत्रावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. “बाई, हेडक्लार्क म्हणाले, सगळ्या रकान्यांत टॉर्च आणि शिट्टी लिहा, खाली सही ठोका, पुढचं आम्ही सांभाळून घेतो. पण मी टॉर्च डोळ्यांनी पाहिलासुद्धा नाही. बरं, तेही बाजूला ठेवा. इथे विचारलंय नातं काय.” तो अडखळला. “सार्वजनिक शौचालयाशी माझं नातं काय लिहू?”

बाईंना आधी वाटलं, हा आपली थट्टा करतोय. त्यांनी मान वर करून पाहिलं. थट्टा करणाऱ्या माणसाच्या कपाळावर असा घाम नसतो.

“कुठलं शौचालय?”

“सा. शौ. म्हणजे सार्वजनिक शौचालय. वस्तीच्या टोकाचं. तिथला दिवा वर्षभर बंद आहे. बायका अंधाराला भ्यायच्या, चार टवाळ पोरं तिथे उभी राहायची. म्हणून शनिवारी मी जाऊन उभा राहायचो तासभर.”

“मग वहीत ‘भेट दिली’ असं का लिहिलंत?”

“दिलीच की,” हवालदार म्हणाला. “शौचालयास भेट दिली. आम्हाला शिकवलंच तसं. साहेब शाळेस भेट देतात, मंत्री दवाखान्यास भेट देतात.”

बाईंनी वही ओढली, तिची नाडी सोडली आणि पहिल्यांदाच मुंग्यांचं ते अक्षर वाचायला घेतलं. ‘गल्ली तीन, घर नऊ, भेट दिली. आजी एकटी, मुलगा परगावी.’ ‘बंद गोदामास भेट दिली. कुलूप शाबूत.’ ‘पाण्याच्या टाकीस भेट दिली. झाकण मोडके, नगरपालिकेस कळवले.’ ‘सार्वजनिक शौचालयास भेट दिली. दिवा अद्याप नाही.’ पानामागून पान. टाकीला टॉर्च आणि गोदामाला शिट्टी देणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. टाइप करणाऱ्याने फक्त नंबर, आद्याक्षरं आणि ‘भेट’ एवढंच उचललं होतं. आणि एकवीस वर्षांच्या अनुभवी बाईंनी तेच गिळलं होतं, वर समासात ‘नातेवाईक’ लिहून ठेवलं होतं.

“सहाशे टॉर्च,” हवालदाराची बायको शांतपणे म्हणाली. “आमच्या दोन खोल्या आहेत, बाई. पलंगाखाली शिवणयंत्र, त्याच्या वर मुलीची पुस्तकं. तुम्ही येऊन बघा, कुठे ठेवले असते ते.”

तो माणूस खरं बोलला होता, प्रत्येक प्रश्नाला खरं बोलला होता, आणि त्याच्या खरेपणातूनच बाईंनी त्याचा गळफास विणला होता. लाज वाटणं म्हणजे काय ते त्यांना बऱ्याच वर्षांनी कळलं. त्यांनी दोघांना बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. जेवून घ्या, पण कुठे जाऊ नका, असंही सांगितलं.

मग त्यांनी दार लावलं आणि संचांचं बिल काढलं. चूक आपली झाली, पण टॉर्च खरंच होते कुठे? बिलावर तारीख वर्षाच्या पहिल्या महिन्यातली होती. संच सहाशे बारा. वहीतली शेवटची ओळ वर्षाच्या शेवटच्या महिन्यातली होती. तिचा क्रमांक सहाशे बारा. बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. दुकानदाराला वर्षाच्या सुरुवातीलाच कसं कळलं की हवालदार वर्षभरात बरोबर सहाशे बारा ठिकाणी जाणार आहे, आणि त्यात बावन्न वेळा शौचालयाला? बिल वहीनंतर बनलं होतं. कुणीतरी ओळी मोजल्या होत्या, वाचल्या नव्हत्या. त्यांच्यासारख्याच.

साखळीचं हे टोक हाती आल्यावर त्यांना बरं वाटायला हवं होतं. पण पुढची वाट कुठून जाते ते दिसत होतं. बिल खोटं म्हणायचं तर आधी जबाब खोडावा लागणार होता, आणि जबाब त्यांचा होता. ऑडिटवाल्याने स्वतःचा जबाब मागे घेतला की त्याच्या बाकीच्या कागदांवरही लोक संशय घेतात. पदोन्नतीची यादी पुढच्या महिन्यात लागायची होती आणि त्यांचं नाव वर होतं. वाजले होते पावणेदोन.

तीनच्या ठोक्याला मोठ्या साहेबांच्या खोलीत चौघं बसले. मोठे साहेब, हेडक्लार्क, ऑडिटचे पथकप्रमुख आणि बाई. साहेब मूळचे बोलके गृहस्थ, प्रत्येकाला घरचे कसे आहेत विचारून झाल्यावर म्हणाले, वाचा, सात नंबर वाचा, वाईट काम एकदा उरकून टाकू. हेडक्लार्क खालमानेने फाइल चाळत होता, पण त्याचे कान इकडेच होते.

बाईंनी सात नंबर वाचला नाही. त्यांनी वही उघडली आणि वहीतल्या दहा ओळी वाचल्या, गोदाम, टाकी आणि शौचालयासकट. मग बिलाची तारीख वाचली. मग म्हणाल्या, “जबाबात माझा प्रश्न चुकला. मी वस्तूबद्दल विचारत होते, तो फेरीबद्दल सांगत होता.”

हेडक्लार्कचं फाइल चाळणं थांबलं. पथकप्रमुखांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “जबाब मागे घ्यायचा तर लेखी द्यावं लागेल,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “तुमच्या सेवापुस्तकात जाईल.”

“जाऊ द्या.”

मोठे साहेब मात्र रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि समजुतीच्या सुरात सांगितलं की माणूस आहे, चूक होते, त्यात इतकं मनाला लावून घ्यायचं कारण नाही. सात नंबर आपण काढूनच टाकू. हवालदार सुटला, बाईही सुटल्या. वहीत ‘भेट दिली’ आहे, बिलात संच आहेत, दोन्ही एकमेकांना धरून आहेत. कागद जसेच्या तसे राहू देत, कुणाचंच नुकसान नाही.

पथकप्रमुख खिडकीबाहेर बघत होते, म्हणजे त्यांना हे पटण्यासारखं वाटत होतं. बाईंनाही वाटलं. नाही कशाला म्हणा, अगदी आतून वाटलं, की हो म्हणावं आणि घरी जावं. हवालदाराची नोकरी वाचत होती, पदोन्नतीच्या यादीतलं नाव वाचत होतं. मग त्यांच्या लक्षात आलं की बिल आणि वही अशीच एकत्र राहिली की ‘भेट दिली’ या शब्दांचा अर्थ कायमचा टॉर्च असा होणार. उद्या दुसरा कुणी ऑडिटवाला येईल, तोही तीस घरं फिरेल. निवृत्तीनंतरही हवालदाराला घरून उचलून आणता येईल.

“नाही,” बाई म्हणाल्या. “फक्त फेऱ्या होत्या, संच नव्हते, असं लिहावं लागेल.”

“बरं,” साहेब म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज बदलला. “त्यालाच विचारू.”

हवालदाराला बोलावलं. तो आत येऊन टाचा जुळवून उभा राहिला. दार पुरतं लागलं नव्हतं, फटीतून बायकोचा पदर दिसत होता.

“तीस वर्षं झाली ना तुला?” साहेबांनी विचारलं.

“एकतीस, साहेब.”

“मग जास्त बोलायची गरज नाही. एका शब्दात सांग. वहीत लिहिलंयस तशी भेट दिलीस की नाही?”

हो म्हणाला तर टॉर्च दिल्याचं कबूल. नाही म्हणाला तर सहाशे बारा नोंदी खोट्या, सही त्याची. दोन्हीकडून तोच अडकत होता, आणि एकतीस वर्षं साहेबांना एका शब्दात उत्तर द्यायची सवय त्याच्या हाडात मुरलेली होती. बाईंना मध्ये बोलायचं होतं, पण प्रश्न त्यांना विचारलेला नव्हता. आता त्यांनी त्याच्या तोंडात शब्द घातला असता तर तोही जबाब गेला असता.

हवालदाराने हेडक्लार्ककडे पाहिलं, हेडक्लार्कने फाइलकडे. टोपीची कड त्याच्या बोटांत चुरगळत होती.

“एका शब्दात नाही येणार, साहेब,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“मी गेलो. दारं वाजवली. कोण आजारी, कोण एकटं, कुठला दिवा गेलाय, ते लिहिलं. देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मला कुणी दिलंच नव्हतं. संच आल्याचं मला काल हे पत्र आल्यावर कळलं.”

“नीट विचार करून बोलतोयस?”

“सकाळपासून तेच करतोय, साहेब.”

साहेबांनी टेबलावरचं ड्यूटीपत्रक ओढलं आणि तिथेच पेनाने एक नाव खोडून दुसरीकडे लिहिलं. उद्यापासून गेट, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. वस्तीची फेरी चौकशी होईपर्यंत बंद. हवालदार ‘जी’ म्हणाला. साहेब उठून बाहेर गेले. पाठोपाठ हेडक्लार्क फाइल घेऊन उठला, तेव्हा पथकप्रमुखांनी ती फाइल त्याच्या हातातून काढून घेतली. एवढं तरी त्यांनी केलं.

नवा जबाब साहेबांच्या त्याच टेबलावर झाला. बाईंनी लिहिला, हवालदाराने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, ओळीखाली बोट धरून, आणि तिसऱ्या ओळीशी थांबला. सवयीने बाईंनी तिथे ‘भेट दिली’ लिहिलं होतं. त्याने पेन मागून घेतलं. त्याने ते शब्द सरळ रेघेने खोडले, वर ‘जाऊन आलो’ असं लिहिलं आणि बाजूला छोटी सही केली. मग खाली मोठी केली.

बाईंनी स्वतःचा कागद पुढे घेतला. ‘प्रश्न विचारण्यात माझी चूक झाली’ या वाक्यापर्यंत येईस्तोवर त्यांनी दोनदा पेनाचं टोपण लावलं आणि दोनदा काढलं. शेवटी लिहिलं. घरी सांगितल्यावर नवरा हसेल की गप्प बसेल, याचा त्यांना अंदाज येईना.

बाहेर बाकावर हवालदाराची बायको डबा पिशवीत भरत होती. डबा उघडलेलाच नव्हता. काय झालं, असं तिने डोळ्यांनीच विचारलं. नोकरी आहे, गेटवर टाकलंय, असं त्याने सांगितलं. तिने पिशवीचे बंद आवळले आणि म्हणाली, “आणि शनिवारी? त्या बायका तुमच्या भरवशावर येतात.”

“गेट सहाला सुटतं,” हवालदार म्हणाला. “आता वहीत कोण लिहिणार आहे. जाऊन येत जाईन.”

दोघं जिना उतरून गेली. दारात उभ्या बाईंना त्यांनी नमस्कार केला नाही, आणि बाईंनाही ते बरोबरच वाटलं.